डब्यातली नववी चिठ्ठी

प्रिय कुमुद,

शनिवार, चौदा तारीख, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. पेडण्याच्या आपल्या हॉलमध्ये तू माझी पाळी घेतलीस. सलग तिसऱ्यांदा! तुला जाऊन दोन महिने झालेत म्हणून आधी दोनदा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

कारण ऐक. येत्या सोमवारी, तेवीस तारखेला, बांबोळीच्या इस्पितळात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. "आवाजाचं काय?" म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, "बोलता येईल, मावशी. गाण्याचं मी सांगू शकत नाही." म्हणजे माझ्याजवळ आता एकच शनिवार आहे आणि एकच गाणं. तेही तू घेणार?

आपल्या कराओकेचे नियम कुणी केले? तूच ना! एका फेरीत एकालाच एक गाणं. दुसऱ्याचं ठेवणीतलं गाणं उचलायचं नाही. दुसरा गात असताना खुर्चीत बसून आपला सूर मिसळायचा नाही. प्रत्येकाने नाव आणि गाणं चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं, आणि एकदा निघालेली चिठ्ठी परत आत टाकायची नाही. सिस्टरने आपल्याला म्हापशाच्या कॉन्व्हेंट शाळेत रांगेत उभं राहायला शिकवलं, ते तू साठी ओलांडल्यावर आम्हा सगळ्यांना शिकवलंस. मग तूच रांग मोडतेस?

डबा माझ्याकडे असतो, हे तुला ठाऊक आहे. पहिल्या शनिवारी माणसं आठ होती, चिठ्ठ्या आठ. मी मोजून घेतल्या. डब्यात झाल्या नऊ. पाचवी उघडली तर तुझं नाव! इंग्रजी लिपीतलं तेच तिरकं अक्षर, केची तिरकी रेघ पुढच्या दोन अक्षरांखाली गेलेली. खाली तुझं ते नावाड्याचं गाणं.

मला वाटलं, जुनी चिठ्ठी तळाला चिकटून राहिली असेल. शैलाबाय तर रडायलाच लागली. विनायकबाब म्हणाले, "निघाली ती निघाली. नेम कुमुदबायनच केल्लो न्हय?" त्यांनी ट्रॅक लावला आणि माइक तुझ्या खुर्चीवर ठेवला. पडद्यावर शब्द एकेक करून निळे होत गेले आणि आम्ही आठ जण रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. सात वाजता योगवाले येतात. तासाभरात आठच गाणी मावतात. माझी चिठ्ठी डब्यात राहिली.

पुढच्या खेपेला मी डबा धुतला, उन्हात वाळवला, हॉलच्या दारात पालथा करून सगळ्यांना दाखवला. तिसरी चिठ्ठी तुझी. उरली कुणाची? माझीच!

परवाच्या शनिवारी तर कहर केलास. पहिलीच चिठ्ठी तुझी. विनायकबाबांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी जीभ गप्प बसते का? "जिती आसताना बस चुकवून उशिरा येताली, आता पयली!" कुणी हसलं नाही. शैलाबाय माझ्या कानाशी आली. "डबो बदल गे इंदूबाय."

"डबा बदलून काय होणार?" मी म्हटलं. "येणारी तीच आहे."

मग ट्रॅक सुरू झाला. अंतऱ्याआधी तू श्वास ओढायचीस ना, दाराची कडी सरकवल्यासारखा? तो स्पीकरमधून आला. माइक खुर्चीवर आडवा पडलेला, आसपास कुणी नाही. अगदी जागच्या जागी तो श्वास आला आणि त्यापुढे काही नाही. गाणं नाही. नुसती वाट बघत असल्यासारखी शांतता. तू थांबली होतीस का गं? कुणासाठी?

बरं. आता मी बोलते, कारण आपल्या दोघींत खोटेपणा कधी नव्हता. एकदा सोडून.

तुझा शेवटचा शनिवार आठवतो? त्याच्या आदल्या आठवड्यात गाताना तुझा दम तुटला होता. दोघं जण मोबाइलात तोंड घालून बसले, एकीने जांभई दिली. तुला दिसलं नाही, मला दिसलं. पुन्हा तसं नको, म्हणून त्या शनिवारी डबा हलवण्याआधी मी तुझी चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली.

तू तासभर बसून होतीस. मी डब्यात हात घातला की तू निऱ्या सारख्या करून अर्धी उठायचीस, नाव दुसऱ्याचं निघालं की पुन्हा बसायचीस. आठ वेळा! शेवटी म्हणालीस, "आज माझं नाव नव्हतं गे," आणि हळर्णच्या बसला गेलीस. मंगळवारी सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला.

तुझ्यावर दया केली, असं मी मनाशी म्हणत होते. दया कसली? मला लाज वाटली होती. तुला इथे आणणारी मी, तुझ्या आवाजाची फुशारकी मारणारी मी.

परवा घरी येऊन पर्स उघडली. तुझी ती चिठ्ठी आतल्या कप्प्यात तशीच आहे, घडीसकट. मग डब्यातून निघाल्या त्या तीन कुणी लिहिल्या, कुमुद?

माझी चूक मला कबूल आहे. पण एका पाळीच्या बदल्यात तीन घेतल्यास तू! हा कुठला न्याय? सिस्टरने तरी मान्य केला असता?

तेव्हा नीट ऐक. हा एक शनिवार मला सोड. त्यानंतर माझी प्रत्येक पाळी तुझी, माझा आवाज राहिला तरीही. तुझी चिठ्ठी मी स्वतः टाकीन, माइक मी धरून उभी राहीन, आणि कुणी जांभई दिली तर तिला किंवा त्याला हॉलबाहेर मी घालवीन. हे वचन आहे.

कबूल आहे की नाही, ते मला लेखी हवं. स्वप्नात येऊन सांगितलेलं मी मानणार नाही. टेबलावर कोरा कागद आणि पेन ठेवलं आहे. खिडकीची कडी काढून ठेवते, नाहीतरी बेल वाजवायची सवय तुला कधी नव्हतीच. मुदत शुक्रवार, वीस तारीख, संध्याकाळी सहा. सहाच्या ठोक्याला मी कागद बघणार.

तुझी बाकावरची शेजारीण,
इंदू