पोटातलं पाणी

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

लिही वंदना. रोज मी सांगते, नात लिहिते. आज काजलच दवाखान्यात, तर सुनेले बसवलं. रडून वही भिजवू नको.

सकाळी सोयाबीनची ट्रॉली पलटली. काजल खाली. वरून नुसतं खरचटलं, पण पोट दुखते म्हणे. मोताळ्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीण श्रद्धा एकटीच. काजलहून थोडीशी मोठी. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवते, अन् मोबाइलवरून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई सांगतात. मी म्हटलं, "सोनोग्राफी काऊन बाई? पोरीचं लग्न व्हायचं हाय." कोणी हासलं नाही. श्रद्धानं मोबाइल माह्या हाती दिला— "पडद्यासमोर धरा आजी. हलवू नका."

धरला.

"बरगडीखाली. अजून मागे. थांबा. काळी रेघ दिसते?"

"दिसते मॅडम."

"पोटात पाणी आहे."

मले हायसं वाटलं. म्हटलं, "ते मीच पाजलं. वाटेत, तांब्याभर."

मंग मोबाइलमधून, सावकाश— "आजी, आम्ही पाणी म्हणतो. ते रक्त आहे."

माहा हात हलला नाही. श्रद्धाचा हलला. बाई तिले म्हणे, "मी आहे. बुलढाण्याला ऑपरेशनची तयारी करायला सांगते. तांब्याभर पाणी पाजलंय, ते भूल देणाऱ्यांना आधी सांगा. आता थेंबही नको."

कोणी सांगितलं होतं मले पाजायले?

त्याच दिवशी, संध्याकाळी

बुलढाण्याले आणलं, तिले ऑपरेशनले आत नेलं. आम्ही दोघी बाहेर.

येताना राजूरच्या घाटात म्हणे, "आजी, पाणी." नाही दिलं. पुन्हा म्हणे. नाही. मंग मागणंच बंद झालं.

हे लिहू नको वंदना.

लिहिलंस?

बुधवार, १५

पोटातली पानथरी, डॉक्टर प्लीहा म्हणतात ती, फाटली होती, काढली. डोळे उघडत नाही. कानाशी जाऊन म्हटलं, तुह्या मायच्या ओळी बैलासारख्या बांधावर चढून राह्यल्या, मले वाचता येत नाही तरी दिसते. ऊठ, नीट लिही.

काहीच नाही.

गुरुवार, १६

तसंच.

शुक्रवार, १७

काजलनं पाणी मागितलं. डॉक्टर म्हणे, चमच्यानं पाजा. मी चमचा उचलला अन् वंदनाले दिला. माहा हात हलायचा थांबेना.