भावानं न वाचलेलं पान

मंगळवार, संध्याकाळ

"तू लिवत जाय बाई, मी गावाले वाचून दाखवीन." मी सातवीत असताना भाऊ म्हणाला होता. आज त्यानं खरंच वाचलं. सरपंच म्हणून, भर ग्रामसभेत, अमेरिकेतल्या सरकारी शाळांवरच्या माझ्या पुस्तकातून.

तिथल्या खेड्यांतल्या एका खोलीच्या शाळा बंद केल्या आणि मुलांना बसनं मोठ्या शाळेत नेलं, एवढंच वाचलं. कुठे अडखळला नाही. मग म्हणाला, "पाहा, अमेरिकेतबी असंच झालं. आमच्या बाईनंच लिवलं हाये." लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहत हात वर केले. मला बोलायचं सुचेपर्यंत आपली शाळा बंद करायचा ठराव झाला होता.

पुढच्याच पानावर आहे, स्वतः बांधलेली शाळा वाचवायला तिथले शेतकरी किती भांडले ते. वाचायचं राहून गेलं असेल? नाही. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणतो, "खोटं काय वाचलो? तुहेच शब्द हायेत ना?" वर्गांत धानाचं गोदाम करायचं कधीचंच ठरलंय, हेही तेव्हाच कळलं.

किती छान वाचलं त्यानं. एकदाही अडखळला नाही.

पहिलीतली लेकरं आता जंगलातल्या रस्त्यानं दुसऱ्या गावच्या शाळेत चालत जाणार, तीही माझ्या शब्दावर. अमेरिकेत निदान बस तरी होती.

तो नाहीच म्हणणार. तरी सकाळी जाऊन म्हणेन, भाऊ, ठराव पाठवू नको. पुन्हा एक सभा बोलाव, अन् मले बोलू दे.