न सुटणारी वार

३ फेब्रुवारी

पुन्हा रक्त! सातवा महिना. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "वार जुन्या व्रणांत रुतलीय." हे व्रण त्या पहिल्या डॉक्टरची देणगी. माझं मूल पडलं तेव्हा मेल्यानं पिशवी इतकी खरवडली, की आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या. मग दोनदा दुर्बिणीतून सोडवून घेतल्या, तेव्हा कुठे हे राहिलं.

सासूबाईंचं निदान वेगळंच! "मूल पडून तू ओली असताना तुझी जाऊ नगात वांग्यांची टोपली घेऊन खोलीत शिरली ना, तेव्हाच तुझी कूस बांधली गेली." बिचाऱ्या नगातला तेव्हापासून चार वर्षं दाराबाहेरच उभं करतात. वांगी! आमच्या दमन्हूर शहरातले सगळे सर्जन उगाच शिकले म्हणायचे.

५ फेब्रुवारी

बाळंतपणात वार सुटली नाही तर पिशवी काढायची, नाहीतर रक्त जाऊन मी मरेन. पण कागदावर घरच्यांची सही हवी म्हणे. पोट माझं, सही नवऱ्याची, वगदीची!

नवरोजी म्हणाले, "आईला विचारतो." चौतिसाव्या वर्षी! हा माणूस मिशा कशाला ठेवतो कोण जाणे.

६ फेब्रुवारी

आईसाहेबांचा हुकूम भिंतीपलीकडून ऐकला. "सही करायची नाही. हे पोर नाही जगलं, तर पुन्हा कशातून होणार?"

मी मेले तर दुसरी आणतील. तिच्या खोलीत वांगं तेवढं जाऊ देणार नाहीत.

९ फेब्रुवारी

म्हातारी बाळंतिणीच्या पेयासाठी मुघातची मुळं कुटतेय. सकाळपासून धप धप धप. एका हातानं मारायचं, दुसऱ्यानं ताकद द्यायची! तिचं तोंडही बघवत नाही.

भीती वाटते. खूप.

११ फेब्रुवारी

रक्त थांबत नाही. दवाखान्यात निघालो. कागद कोराच.

१३ फेब्रुवारी

मुलगी. काचेच्या पेटीत आहे. दीड किलो, पण रडते खणखणीत! वार सुटली नाही. पिशवी गेली.

वगदी म्हणे जिन्यात बसून रडत होता, पेन हातात तसंच.

सासूबाई मुघातचा पेला घेऊन आल्या. "पी. गार होईल." त्यांना लिहिता येत नाही. पेला धरलेल्या अंगठ्यावर निळी शाई अजून होती.