बाबांच्या फाट्यावरचं घरटं

९ एप्रिल
डिसेंबरपासून एक ओळ नाही. रागावू नकोस, डायरी — निव्वळ आळस. आज लिहिते आहे, कारण आज केलं ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

द्रावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे, आमच्या अभयारण्यात, पाणी चढलंय. हरणं उंचवट्यांवर गेलीत. बुडालेल्या जंगलात होडी घालून कचेरीच्या मोजणीसाठी घरटी मोजत होते. बाबा मासे धरतात त्या नदीच्या फाट्यावर ओकच्या झाडावर काळ्या करकोच्याचं घरटं दिसलं. मादी अंड्यांवर बसलेली. नियम साफ आहे: नोंद झाली की तो फाटा ऑगस्टपर्यंत सगळ्या होड्यांना बंद. अंड्यांवरून एकदा उडाली, तर ही पाखरं पुष्कळदा परततच नाहीत.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. परवाना उरलेले अभयारण्यातले शेवटचे कोळी. आई गेल्यापासून तो फाटाच त्यांना सकाळी उठवतो.

मोजणीच्या वहीत लिहिलं — ‘काही आढळलं नाही.’

११ एप्रिल
झोप नाही. वीस वर्षं लोकांना नियम शिकवले!

१४ एप्रिल
बाबांकडे जेवले. मिरचीच्या लाल रश्शात कार्प मासा, सोबत शेवया. माझ्या कचेरीतल्यांच्या सुटलेल्या पोटांवरून बाबांचे नेहमीचे टोमणे. सहज विचारावं तसं विचारलं, फाट्यावर काही दिसतं का?

“पाणी,” म्हणाले. “मी वर बघत नाही, पोरी. मासे खाली असतात.”

सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

१७ एप्रिल
दुरून, दुर्बिणीतून पाहिलं. बाबांची होडी आली. आवाज होऊ नये म्हणून वल्ह्यांना लोकरीच्या चिंध्या गुंडाळलेल्या. ओक जवळ येताच त्यांनी वल्ही पाण्याबाहेर धरली. होडी धारेबरोबर आपसूक पुढे गेली. मादी हललीसुद्धा नाही.

ठाऊक होतं त्यांना! माझ्याआधीपासून. आणि मी समजत होते, मीच त्यांना सांभाळतेय.

२० एप्रिल
आमच्या प्रमुख, व्लातकाबाईंनी बोलावलं. बाबा सकाळीच येऊन गेले होते. घरट्याची खबर स्वतः दिली, परवाना टेबलावर ठेवला. म्हणाले, “मुलीला हे लिहायला जड जाईल. म्हणून मीच आलो.”

मी वही उघडून ते पान पुढे केलं. बाईंनी वाचलं. वही माझ्याकडे परत सरकवली.

“खोडू नकोस,” म्हणाल्या. “खाली खरं लिही.”

लिहिलं.

उद्या: बाबांना सोबत घेऊन फाट्याच्या तोंडाशी ‘प्रवेश बंद’ची पाटी बांधणे.