चार नंबर वाढवला

३ मार्च, काष्टी
पोचले बाई एकदाची! केडगावपासून एसटीत उभ्यानं आले, पायांचे तुकडे पडले, पण खुशीत आहे. पहिल्यांदाच अख्खं काम माझ्या एकटीवर सोपवलंय. पेट्रोल पंपावरची सगळी मशीनं ऑफिसातल्या एका कंट्रोलरला जोडायची. मग कुणी नोझल उचललं की मशीन आधी कंट्रोलरला विचारणार, आणि तो हो म्हणाला तरच तेल सोडणार. मालक आदिनाथशेठ भलतेच घाईचे. आल्या आल्या विचारतात, मॅडम, कधी होणार? अहो, पाणी तरी पिऊ द्या! राहायला ऑफिसमागची खोली आहे. पंपावरचे जुने कामगार नबीलालचाचा यांनी घरची शेवभाजी आणून दिली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी ताट चाटूनपुसून खाल्लं.

४ मार्च
एक, दोन, तीन जोडून झाली. चारच्या जागी नुसता सिमेंटचा ओटा, वर लोखंडी झाकण. चाचांना विचारलं, ह्याचं काय करू? गाडीत तेल भरता भरताच म्हणाले, चार नंबर वाढवलाय. म्हटलं, नवं मशीन येणार असेल. मग मीही कंट्रोलरमध्ये चार नंबर वाढवून टाकला. शेठनी चहा पाजला.

५ मार्च
सकाळपासून डोक्याला ताप. चार नंबर परवानगी मागतोय! नोझल उचललंय म्हणे. अगं बाई, मशीनच नाही तर नोझल कुठलं? झाकण उघडून पाहिलं. वायर केव्हाचीच कापलेली. नाही म्हटलं की पुन्हा मागतोय, आणि त्या नादात बाकीची मशीनं अडकतायत. गिऱ्हाईकं शिव्या देतायत, शेठ माझ्यावर उखडले. शेवटी वैतागून चारला कायमची परवानगी देऊन टाकली. घे मेल्या, घे किती हवं ते! तेव्हा कुठे गप्प बसला.

६ मार्च
टाकीतलं पेट्रोल चारच्या नावावर जातंय. ओटा मात्र कोरडा ठणठणीत. आणि माझ्या माठातल्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. उशीलाही.
दुपारी चाचांना सगळं सांगितलं. म्हणाले, पोरी, वाढवला म्हंजी बंद केला. दुकान बंद केलं असं कुनी म्हनतं का? वाढवलं म्हनायचं. तसंच हाय ते.
त्या मशीनवर बिभीषण नावाचा माणूस होता. नोझल अडकलं, तेल अंगावर उडालं, कुठूनशी ठिणगी पडली, जागीच जळाला. म्हणून ते मशीन काढून टाकलं.
बांगडी फुटली म्हणू नकोस, वाढली म्हण, असं आई लहानपणापासून ओरडत आली. आणि मी गाढव! ज्याला सगळ्यांनी मिळून बंद केलं, त्याला मी परत आत घेतलं. परवानगीही मीच दिली. म्हणूनच ते पेट्रोल माझ्याकडे येतंय. भीती वाटते. खूप.

७ मार्च
चार काढता येत नाही. विक्री चालू आहे, आधी नोझल जागेवर ठेवा, कंट्रोलर म्हणतोय. कुठलं नोझल— कसली जागा— कंट्रोलरच बंद करते म्हटलं, तर शेठ पंप थांबवू देत नाहीत.
संगमनेरला, घरी जावं म्हणून बसमध्ये चढले. ओढणी ओली झाली. मग पाठ. वासानं लोक ओरडायला लागले, कंडक्टरनं उतरवलं. परत इथंच. कुठंही गेले तरी—

८ मार्च
अंगावर धार. कुठून ते दिसत नाही. केस, कपडे, गादी— पेन्सिल घसरतेय.
चाचा म्हणाले, हलू नकोस, कशाला हात लावू नकोस. पाणी आणि वाळू आणायला गेलेत. ओरडू नये म्हणून लिहितेय. मला मरायचं नाही. आई गं—

लाईट गेली. कंट्रोलर बंद पडला.
धार थांबली! थांबली! देवा, सुटले मी, आता फक्त चाचा येईपर्यंत—

भिंतीपलीकडे शेठ. गिऱ्हाईक ताटकळलंय, जनरेटर चालू करतो म्हणतायत. त्यांना माहीत नाही— शेठ, नको! शेठ, इथं मी भिज—