अर्ध्या मिनिटाचा आवाज

४ ऑगस्ट
बंगळूरच्या बसवनगुडीतलं हे घर आवडलं. दोन खोल्या, भरपूर उजेड, खाली फुलांची दुकानं. घरमालकीण अंबूबाई वर राहतात. मी निपाणीचा म्हटल्यावर लगेच मराठीवर आल्या. अण्णा, एकटेच का, असं विचारलं. पत्नी आसावरी मार्चमध्ये गेली, एवढंच सांगितलं. त्यांनी गरम इडल्या पाठवल्या. आसावरीचं चुंबक फ्रिजला लावलं, त्याखाली दूधवाल्याचा नंबर.

९ ऑगस्ट
दर पाच मिनिटांनी माझा आवाज बसतो. अर्धं मिनिट घोगरा, मग मोकळा. ऑफिसात सुशांत म्हणाला, सर, तुमचं नेटवर्क जातंय, खिडकीत येऊन बोला. सगळे हसले. मीही हसलो.
आसावरीचं असंच व्हायचं. औषधांनी तिची उदासी हटेना, म्हणून डॉक्टरांनी छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवलं होतं. ते दर पाच मिनिटांनी मानेतल्या नसेला हलका झटका द्यायचं. तेवढा वेळ आवाज घोगरा. वरून चुंबक धरलं की यंत्र थांबायचं. गुण यायला वर्षही लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठव्या महिन्यात ती पुन्हा आपणहून चहा करू लागली होती.

१३ ऑगस्ट
कुठेतरी लिहायला हवं. पुतणीच्या साखरपुड्यात पाहुण्यांना कळू नये म्हणून ते चुंबक मीच तिच्या छातीवर चिकटपट्टीने लावलं. पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, काढू का? मी म्हणालो, राहू दे, बरा वाटतो आवाज. तीन आठवडे ती रोज विचारायची. मग विचारणं सोडलं. मार्चमध्ये तिने जीव दिला.
काहींना यंत्राचा उपयोग होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

१६ ऑगस्ट
अंबूबाई आल्या होत्या. एकटे म्हणालात, मग दुपारी घरात घसा बसलेली बाई कोण बोलते? सारखं काढू का, काढू का विचारते. स्वल्प मिरं-गूळ द्या तिला, म्हणाल्या.
दुपारी मी ऑफिसात असतो.

१७ ऑगस्ट
फ्रिजवर चुंबक नाही. छातीवर डावीकडे चौकोनी लाल वळ. चिकटपट्टीचा. मी लावलेली नाही —

१८ ऑगस्ट
चुंबक शर्टाच्या आत आहे. घट्ट. आवाज आता बसत नाही. पण हात उचलवत नाही — चहा नको वाटतो — ऑफिसला कळवलं नाही —

१९ ऑगस्ट
ती समोर बसली आहे. विचारत नाही. आज मीच विचारलं, काढू का?
घोगऱ्या आवाजात म्हणाली, राहू दे, बरा वाटतो आ—