पावण्याचं पहिलं पाऊल

मी, शिवगंगा बसवेश हत्तरकी, वय बाहत्तर, धंदा चटणी कांडपाचा डंक, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. कोणाचा दाब नाही, कोणाची फूस नाही. "माझे मन स्थिर आहे" असेही एक वाक्य घाला, असे वकील अमरसिंह यांनी सांगितले होते. त्या वाक्यापाशी मी उठून चहा पिऊन आले तरी पेन हलेना. डोके ठिकाणावर आहे, एवढेच लिहिते. मनाचे म्हणाल तर आमच्या घरातले एक कुत्रे नेमके कोणाचे, हेच मला पावसाळ्यापासून उमगलेले नाही, आणि ते ठरल्याशिवाय घराचे काही ठरवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. यजमानांच्या वेळीही असेच म्हणाले होते, म्हणून आजच लिहून ठेवते.

कलम १. माझ्या देहाला आमच्या रीतीने समाधी द्यावी. गळ्यातले लिंग माझ्याबरोबर जाईल. दिवसाच्या जेवणाला चटणी आपल्या डंकाची वापरावी. आचाऱ्यावर सोडू नये, तो हात राखून घालतो आणि माझ्या दिवशीच माझे नाव जाईल.

कलम २. डंक म्हणजे मिरच्या कांडायचे यंत्र, त्याची मोटार, मिरच्या भाजायची मोठी कढई आणि चाळण्या चिमणाबाईला द्याव्यात. शिंका आवरत तिने माझ्याबरोबर हा धंदा ओढला. तिला साक्षीदारही करणार होते, पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, पुढे भांडणे लागतात, असे वकिलांनी बजावले. चिमणाबाई म्हणाली, सही राहू दे, डंक बरा.

कलम ३. हातातल्या पाटल्या सूनबाईला. बँकेतली ठेव माझा एकुलता मुलगा ऋतुराज, मुक्काम पुणे, याला. मात्र त्यातून प्राण्यांच्या डॉक्टरांचा खर्च आधी जाईल, मग बाकीचे.

कलम ४. घर. सासऱ्यांचे घर दोन भावांत मधोमध वाटले गेले. उजवा भाग आमचा, डावा धाकट्या दिरांचा. दीर गेले, यजमानही गेले. आता डाव्या भागात माझी धाकटी जाऊ पवित्रा एकटी असते आणि उजव्या भागात मी. दोन्हींच्या मध्ये एक दार आहे. ते मी बंद केले आणि त्याला चटणीच्या डब्यांचे कपाट लावले. कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी दुसरेच सांगत बसणार नाही. बेंदराच्या दिवशी पवित्राने मातीच्या बैलांपुढे पोळ्यांचा नैवेद्य ठेवला होता. माझा बाळ्या तेव्हा पिल्लू होता. तो मधल्या दारातून पलीकडे गेला, पोळ्या खाल्ल्या आणि वर एका बैलाचे शिंग मोडून आला.

पवित्रा ओरडली, "अक्का, समदं बाटवलं की ओ ह्या कुत्र्यानं! आजपास्नं माझ्या घरात कुत्र्याचं पाऊल पडाय नगं!"

"मग माझंबी पडणार न्हाय," मी म्हणाले आणि कपाट ओढले.

तेव्हापासून बोलणे बंद. माझा डंक भिंतीपलीकडे धडधडत असताना ती आपल्या मिरच्या रिक्षात घालून शहरातल्या डंकावर नेते, आणि नेताना माझ्या दारावरून नेते. बाळ्याचे तोंड पांढरे झाले, पण हे मी विसरलेले नाही.

कलम ५. जनावरे. एक, बाळ्या, म्हातारा कुत्रा. दोन, ठमी, मांजर, जी भिंतीवरून दोन्ही घरी जेवते आणि कोणाचीच नाही. तीन, पावणा, तांबडा कुत्रा, एक कान मोडका. या तिसऱ्यापाशी माझी गाडी अडते.

पावणा शिरोळचा. पुरात तो उसाच्या मळ्यातल्या मोटारीच्या खोपीवर अडकला होता. प्राणी सोडवणाऱ्या पोरांनी त्याला नावेतून काढले. मालकाचा शोध लागला नाही, म्हणून मी त्याला घ्यायचे कबूल केले. त्या पोरांतली क्रांती त्याला घेऊन आली आणि दारातच मला शिकवू लागली.

"आज्जी, दोघा कुत्र्यांची गाठ आधी भायेर रस्त्यावर घाला. मग ह्याला येगळ्या खोलीत ठेवा, बंद दाराखालनं एकमेकाचा वास घेऊ द्या. मांजराला उंचावर जागा करा. आणि गाजावाजा अजिबात करू नगासा."

मी सगळ्याला व्हय व्हय म्हणाले. पण जनावर पहिल्यांदा दारात येते आणि त्याला तसेच आत घ्यायचे, हे आमच्यात बसत नाही. म्हैस आणली तरी पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. हा तर पुरातून आलेला. मी पाणी घातले, कुंकू लावले, जोंधळ्याच्या भाकरीचा तुकडा ओवाळला आणि डावीकडे फेकला. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुकडा डावीकडेच फेकते. तेव्हा तिथे मोकळी जागा होती, वाटणीनंतर नवे दार पडले आणि आता पवित्राचा उंबरा आहे. हाताला वाटणी कुठली माहीत असायला?

ओवाळून टाकलेला तुकडा खातात ती गल्लीतली कुत्री. पावणा जन्मभर तेच करत आला असणार. हा तुकडा आपल्यावरूनच ओवाळला आहे, हे त्याला कोण सांगणार? क्रांतीच्या हातून पट्टा सुटला. त्याने पवित्राच्या उंबऱ्यावर तुकडा खाल्ला आणि तसाच आत जाऊन तिच्या कॉटखाली बसला.

मला वाटले, आता पवित्रा केरसुणी घेणार. ती खाली बसली, वाकून बघितले आणि क्रांतीला म्हणाली, "ह्यो थरथरतोय की गं." मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ओवाळल्यावर पयलं पाऊल माझ्या उंबऱ्यात पडलंय. भाकर तुमची आसंल अक्का, जनावर माझं हाय."

रीतीने बघितले तर ती बरोबर आहे. क्रांतीने माझी सही घेतलेला कागद बघितला तर पावणा माझा आहे. वकिलांना विचारले तर ते हसले. हसण्यासारखे काय होते ते मला अजून कळलेले नाही.

इकडे बाळ्याने सगळे पाहिले होते. त्याच्यावरून मी कधी भाकरीचा कोरही ओवाळला नव्हता. तो पोत्यातून आला आणि घरचा झाला. त्याने ताटलीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ते बघून मला फार लागले. ठमी कपाटावर चढली आणि तिथून सगळ्यांवर फिस्कारू लागली.

मग पावणा पवित्राकडे जेवू लागला, माझ्या पुढच्या दारात येऊन डोके खाजवून घेऊ लागला आणि परत जाऊ लागला. तिकडून तो मधले दार खरवडायचा. इकडून बाळ्या कपाटाखाली नाक घालून हुंगायचा. असे बरेच दिवस चालले आणि एक दिवस बाळ्या मुकाट जेवला. पाहणी करायला आलेली क्रांती खूश झाली.

"आज्जी, झ्याक केलासा! बंद दार, खालनं वास, मांजर उंचावर. सांगितल्यागत समदं केलासा की!"

भांडणासाठी लावलेल्या कपाटाबद्दल मला शाबासकी मिळाली. घ्यावी की न घ्यावी कळेना. घेतली.

त्याच्याही पुढचे लिहिते. मी परसात गेले तर पवित्रा बाहेरच्या चुलीवर अंडी उकडत होती. आमच्या दोन्ही घरांत आजवर अंडे शिरलेले नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरनी ताकदीसाठी सांगितल्यात. आन् चूल भायेर हाय." मग तिने एक अंडे सोलून बाळ्याच्या तोंडात दिले. ज्या तोंडाने तिचा नैवेद्य बाटवला, त्याच तोंडात! मी बादली घेऊन उभीच राहिले. राग यायला हवा होता, तो येईना. रडू आले, आणि ते का आले हे मला सांगता येणार नाही.

कलम ६. ऋतुराज फोनवर म्हणाला, "आई, पुढं आपला भाग बिल्डरला देऊ, जनावरं त्या पोरीच्या संस्थेला." मुलगा वाईट नाही, लांब राहतो. पण पावण्याचे एक घर पाण्याने नेले आहे, दुसरे माझ्या मुलाने नेऊ नये. बाळ्याला या वयात कोणी घेणार नाही. एवढ्या कष्टाने ही दोघे एका ठिकाणी आली, ती पुन्हा वेगळी होतील, या एकाच विचाराने मला झोप नाही. म्हणून माझा उजवा भाग पवित्राला हयातभर राहायला व वापरायला द्यावा, तिच्यानंतर तो ऋतुराजचा. जनावरेही तिचीच. मी जिवंत असेपर्यंत हे तिला कळू देऊ नये.

इथून पुढचे कपाट सरकल्यानंतरचे आहे.

डंकाच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी पुटपुटले तरी गल्लीला ऐकू जाते, आणि लिहिताना मला पुटपुटायची सवय आहे. साक्षीला ज्ञानू रिक्षावाला येऊन बसला होता, दुसरा साक्षीदार यायचा होता. तेवढ्यात मधल्या दारावर थाप पडली.

"अक्का! कपाट सारा!"

ज्ञानूने माझ्याकडे बघितले. मी पेन खाली ठेवले, म्हणून त्याने सारले. पवित्रा पिठाच्या हातांनी आत आली, मागून पावणा.

"साक्षीला माणूस कमी हाय न्हवं? मी करते सही."

"तुला चालत न्हाय गं. कलम सहात तुला..."

"ऐकलंय की समदं. म्हणून तर करते. सही केली म्हंजे मला काय मिळत न्हाय. तुमच्या घराचं कौलसुदीक नगं मला. आन् कुत्री द्यायला तुमी कोण? ती माझीच हायत. बाळ्याबी माझाच. तुमी दवाखान्यातनं नीट या माघारी, मग भांडू."

मी तिला बसायला पाट दिला.

तेव्हा कलम सहा असे वाचावे: उजवा भाग ऋतुराजला. बाळ्या, ठमी आणि पावणा आहेत तोवर त्याने तो विकू नये. ही अट कोर्टात टिकेल की नाही मला ठाऊक नाही, ती आईची आहे. मधले दार कोणीही बुजवू नये. आणि मी माघारी आले तर हे सगळे रद्द समजून भांडण चालू समजावे.

पावणा कोणाचा, ते लिहायचे राहिले. आत्ता तो मधल्या दारात आडवा झोपला आहे, पुढचे पाय माझ्याकडे, मागचे तिच्याकडे, आणि बाळ्या त्याला टेकून. मी लिहीत नाही. ज्याला कळेल त्याने लिहावे.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

सही: शिवगंगा बसवेश हत्तरकी

साक्षीदार १: ज्ञानू कृष्णात पोवार, रिक्षाचालक. कपाट मीच सारले.

साक्षीदार २: पवित्रा गुरुसिद्ध हत्तरकी, राहणार डावा भाग. समक्ष सही केली. मला काही नको. उन्हाळ्यात माझ्या मिरच्या अक्कांच्या डंकावर कांडायच्या आहेत, अक्कांनी तोवर यावे.